पाचवं पातेलं

ऑफिसात नवीन आलेल्या कुणी शिकारीचा विषय काढला आणि कुठल्या हरणाचं मांस सगळ्यात चांगलं असं विचारलं, की बाकीचे माझ्याकडे बोट दाखवतात. मी आयुष्यात एकदाही बंदूक हातात धरलेली नाही. पण एका हिवाळ्यात माझ्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये एकाच वेळी चार जातींची हरणं होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर माझी गणना जाणकारांत होते. मीही सांगतो. रेड डिअरचं मांस गडद, कलेजीकडे झुकणारं, जिभेवर लोखंडाची चव ठेवणारं. नर एप्रिलात, माजावर असताना मारलेला असेल तर त्याचा दर्प दोन दिवस स्वयंपाकघरातून जात नाही. फॅलो सगळ्यात गरीब स्वभावाचं, मऊ, जरासं गोडसर. ज्याने कधी हरीण खाल्लं नाही त्याने तिथून सुरुवात करावी. सिका त्याच्याच जवळचं, पण दाताला जास्त भरीव. एवढं सांगून मी थांबतो. मग कुणीतरी विचारतंच, आणि सांबर? जाड धाग्याचं असतं, असं म्हणून मी चहा घ्यायला उठतो.

दोन हजार अकरा साली मी विद्यार्थी म्हणून वेलिंग्टनला आलो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, वेलिंग्टनजवळच अप्पर हटला घर झालं. बायको पुण्याची, इथे हॉस्पिटलात नर्स आहे. दोन हजार सोळात माझी आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. बाबा चंद्रपूरच्या घरात एकटे उरले, आणि पुढच्या मे महिन्यात मी त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आलो. एकटेपणा जाईल, असा माझा हिशोब. पंचेचाळीस अंशांतून उचललेला माणूस मी अप्पर हटच्या हिवाळ्यात आणून ठेवला, जिथे सकाळी गवत पांढरं होतं आणि दुपारी चार वाजता डोंगरामागे सूर्य जातो. आम्ही दोघं कामावर गेलो की ते दिवसभर हीट पंपाखालच्या खुर्चीत बसून असत. संध्याकाळी मी विचारायचो, काय केलं दिवसभर. ते म्हणत, बसलो होतो.

बाबा वनखात्यात होते. वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडचे जुने लोक नाकेदार म्हणायचे. कामात ते पक्के होते, हे मी मुलगा म्हणून सांगत नाही. चिखलातलं खूर बघून जनावर कधी गेलं, भरल्या पोटी होतं की उपाशी, मागे कुणी लागलेलं होतं का, हे ते सांगत आणि पुढे जाऊन तसंच निघे. पण घरात, नात्यात, लग्नाकार्यात त्यांची ओळख होती ती एका गोष्टीने, आणि ती गोष्ट पावलांची नव्हती. नाकाची होती.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हाची ती. पोळा होऊन दुसरा दिवस, म्हणजे कर. आमच्याकडे करीला घरोघरी मटण शिजतं. चार-पाच घरं मिळून एक बकरा कापतात आणि त्याचे वाटे घालतात. आदल्या दिवशी नाल्यात सांबराचं कातडं आणि मुंडकं सापडलं होतं. मारणारा कोण ते कळत नव्हतं आणि वरून फोन येत होते. दुपारी रेंजर साहेब, बाबा आणि आणखी दोघं रेस्ट हाऊसच्या मागच्या खोलीत गेले. तिथे खानसामा राहायचा, रोजंदारीवर होता. चुलीवर पातेलं होतं. खानसामा म्हणाला, मटण आहे साहेब, बहिणीच्या गावचा वाटा आहे. बाबांनी झाकण काढलं, पातेल्यावर वाकले, एकदाच वास घेतला आणि म्हणाले, सांबर. पंचनामा तिथेच झाला. रेंजर साहेबांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मी स्वतः त्या खोलीत उभा होतो असं वाटतं. खानसामा आत गेला, महिन्याभराने जामिनावर सुटला, पण रेस्ट हाऊसची नोकरी गेली. सहा वर्षांनी सबळ पुराव्याअभावी त्याला सोडून दिलं. तेव्हा बाबा म्हणाले होते, कोर्टाला नाक नसतं. या वाक्यावर आमच्या घरात कितीतरी वर्षं हशा पिकायचा. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर मीही ते मित्रांना ऐकवलंय, आणि टाळ्या घेतल्यात.

एक गोष्ट मात्र त्या कथेत कधी येत नसे, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. खानसामा आत असताना त्याची बायको आमच्या क्वार्टरवर आली होती. पायरीवर बसली. आईने तिला पाणी दिलं. तिच्याजवळ कापडी पिशवी होती. ती नणंदेच्या गावी पायी जाऊन आली होती आणि कापलेल्या बकऱ्याचे चार खूर मागून आणले होते. कुणीतरी भाजायला ठेवलेले, तिने हातापाया पडून घेतले होते. ते तिने पायरीवर ओळीने मांडले. वाटे घेणारी घरं कोणती तेही तिने सांगितलं, पण साक्षीला येईल असं त्यांतलं कुणी नव्हतं, सगळे घाबरलेले. बाबा दारात उभे होते. बकऱ्याचे खूर काय, कुणीही आणेल, असं म्हणून ते आत आले. तिने खूर पुन्हा पिशवीत भरले.

तर हे माझे बाबा, आणि ते माझ्या घरात एका खुर्चीत बसून विरघळत चालले होते. जेवण कमी झालं होतं. दाढी तीन-तीन दिवस करत नसत. बायको म्हणायची, त्यांना कशात तरी गुंतवायला हवं. पण त्यांना इंग्रजी तोडकंमोडकं, इथल्या जंगलात ना वाघ ना बिबट्या, आणि मराठी मंडळाच्या भजनाला ते यायला तयार नव्हते.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी अप्पर हटचाच. पन्नाशीचा, बायको सोडून गेलेली, शनिवार-रविवार डोंगरात काढणारा. शिकारीचं मांस इथे विकता येत नाही, वाटता येतं, म्हणून तो वाटतो. जूनमध्ये एकदा तो रेड डिअरची मांडी घेऊन घरी आला. बायकोने ती मटण करतो तशी केली, चंद्रपूरहून आलेला काळा मसाला घालून, कुकरला सात शिट्ट्या. पुढच्या वेळी त्याला जेवायला बोलावलं तेव्हा हे ऐकून त्याचे डोळेच पांढरे झाले. हरणाला चरबी नसते, म्हणाला, त्याला तव्यावर दोन-दोन मिनिटं, मीठ आणि बटर, आतून गुलाबी, झालं. बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, कच्चं खातात म्हण ना.

त्याच जेवणात तो बोलता बोलता म्हणाला की मानावाटूच्या किनाऱ्याकडे, पाइनच्या जंगलांत आणि दलदलीत, सांबर असतं. इंग्रजांनी आणून सोडलेलं. सांबर हा शब्द बाबांनी बरोबर पकडला. जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

"आपलं सांबर? इथं?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटल्यावर बाबांच्या चेहऱ्यात काय बदल झाला ते मला लिहिता येत नाही. ते खुर्चीत सरळ बसले. परक्या देशात गावचा माणूस भेटावा तसं झालं त्यांना. मग त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली, आणि आईच्या मागे पहिल्यांदाच सांगितली. पातेलं, झाकण, रेंजर साहेब, पाठीवरची थाप. मी वाक्यावाक्याला इंग्रजी करत होतो. मराठीत ती गोष्ट नेहमी आपोआप वाहायची. इंग्रजीत मात्र मला एकेक वाक्य स्वतः तयार करावं लागत होतं आणि मी काय म्हणतोय ते मला ऐकू येत होतं. माझ्या वडिलांनी एका पातेल्याचा वास घेतला आणि एक माणूस तुरुंगात गेला. कोर्टाला नाक नसतं, हेही मी भाषांतर केलं. त्यावर माझा सहकारी हसला नाही. त्याने साधेपणाने विचारलं, आणि ते बरोबर होते का?

मी म्हटलं, अर्थात.

तो काय म्हणाला, अशी बाबांनी चौकशी केली. मी म्हटलं, त्याला तुमचं कौतुक वाटलं. आणि ते खोटंही नव्हतं, कारण जाताना त्याने बाबांचा हात हातात घेऊन, सांबर मिळालं की तुम्हालाच पहिलं आणून देईन, असं कबूल केलं.

पुढचे पाच आठवडे माझ्या घरात वेगळाच माणूस राहत होता. रोज दाढी. सकाळी कानटोपी घालून नदीकाठाने फिरायला जायचे आणि परत आले की सांगायचे, पलीकडच्या बाजूला हरणाच्या दोन माद्या येऊन गेल्या, एक लंगडतेय. रेडनंतर फॅलो आलं, ते व्हांगानुईकडचं, आणि बाबा म्हणाले, हे चितळाच्या जवळ जातं. चितळ तुम्ही कधी खाल्लं, असं मी चिडवलं तर म्हणाले, खात्यात लागायच्या आधी, लहानपणी, तेव्हा सगळेच खायचे. सिका आलं तेव्हा त्यांनी बराच वेळ चघळून मान हलवली, हे आपल्या ओळखीचं नाही. ते पोटभर जेवू लागले. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढून म्हटलं, बघ, हरणांनी तुझ्या बापाला वाचवलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण गाडीत, ट्रेनमध्ये, कामात, ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. आणि ते बरोबर होते का?

जुलैच्या शेवटी सांबर आलं. परीक्षा घ्यायची ही कल्पना बाबांचीच. चारही जाती शिजवा, मी डोळे मिटून सांगतो. सहकाऱ्याने सुचवलं की नुसतं मीठ लावून भाजूया, म्हणजे फरक कळेल. बाबांनी मान्य केलं नाही. त्या दिवशी होतं तसंच हवं, काळा मसाला, कांदा, लसूण, खोबरं, सगळं. मसाल्याआडून ओळखण्यातच तर गंमत आहे, म्हणाले. रविवारी दुपारी सहकाऱ्यालाही बोलवायचं ठरलं.

शनिवारी मी पोरिरुआला गेलो आणि तिथल्या हलाल दुकानातून किलोभर बकरा आणला.

बायकोने पिशवी उघडून पाहिली. हे कशाला, म्हणाली. मी म्हटलं, गंमत. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला नजर वळवावी लागली. "अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय?" मी तिला सांगितलं की ते शंभर टक्के ओळखतील, आणि मग गोष्ट आणखी मोठी होईल. मला हे तेव्हा खरं वाटत होतं का? निम्मं वाटत होतं. उरलेल्या निम्म्यात ते चार खूर होते.

एकाच मसाल्याची पाच पातेली झाली. प्रत्येकाच्या बुडाला मी चिकटपट्टीवर आकडा लावला, कशात काय ते एका कागदावर लिहून कागद खिशात ठेवला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. पाच पातेली बघून ते हसले. सहकारी बियरची बाटली घेऊन भिंतीला टेकून उभा होता.

पहिलं फॅलो होतं. बाबांनी वास घेतला, एक तुकडा खाल्ला, म्हणाले, चितळाच्या जवळचं ते. बरोबर. सहकाऱ्याने स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास, म्हणून बाटली उंचावली.

दुसऱ्यावर ते वाकले. डोळे मिटले. एकदाच वास घेतला, गोष्टीत असतो तसा, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. तुकडा खाल्लाही नाही त्यांनी.

"हे सांबर," ते म्हणाले. "यात शंकाच नाही."

बायको माझ्याकडे बघत होती. तिसरं रेड होतं, ते त्यांनी बरोबर सांगितलं. चौथं सांबर होतं. त्याचा तुकडा चावून ते मोठ्याने हसले. "अन् हे साधं मटण," ते मला म्हणाले. "बापाला फसवायला ठेवलं ना तू? फॉरेस्टचा माणूस आहे मी." पाचव्याबद्दल, सिकाबद्दल, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हे मला नाही सांगता येत.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कागद माझ्या खिशात होता. माझ्याशिवाय आणि बायकोशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, बाबा, सगळं बरोबर. त्या वाक्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. बायकोने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. आणि मी खिशातून कागद काढला. का काढला, हे मी गेली दोन वर्षं स्वतःला विचारतोय. न्यायासाठी, असं म्हणायला मला आवडेल. पण त्या क्षणी मला खानसामा आठवत नव्हता. मला माझ्या बापाला एकदा तरी हरलेलं बघायचं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "दुसरं बकऱ्याचं होतं. सांबर चौथं."

बाबा त्या पातेल्याकडे बघत राहिले. तसं कसं होईल, म्हणाले. मग म्हणाले, पातेली बदलली असतील. बायको लगेच म्हणाली, हो बाबा, माझ्याकडूनच अदलाबदल झाली असणार, मी घाईत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलतेय हे त्यांना कळलं आणि ती का बोलतेय हेही कळलं. सहकारी भला माणूस. काहीतरी बिघडलंय हे त्याच्या लक्षात आलं, तो पुढे येऊन म्हणाला की एवढ्या मसाल्यात नोबडी, कुणालाच ओळखता येणार नाही, त्याला स्वतःलाही नाही. धीर द्यायलाच म्हणाला तो. मी त्याचं भाषांतर केलं नाही, पण नोबडी हा शब्द बाबांना कळत होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर बाबा ओट्याशी उभे होते. फ्रीझरमधून पाकिटं आणि उरलेला बकरा काढून त्यांनी पुन्हा पाच पातेली शिजवली होती. मी पातेल्यांच्या जागा बदलून आकडे लावावेत, तोवर ते बाहेर जाऊन येतील, म्हणाले. मी लावले. त्या दिवशी त्यांनी सांबर बरोबर ओळखलं. मला वाटलं, सुटलो. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा शिजवलं आणि रेडला सांबर म्हणाले. त्यानंतर एकदा पुन्हा बकऱ्याला. असं दोन आठवडे चाललं. घरभर काळ्या मसाल्याचा वास, आमचे कोट, उशा, सगळ्याला तोच. मी ट्रेनमध्ये बसलो की शेजारचा जागा बदलायचा. बरोबर आलं तरी बाबांना आनंद होत नव्हता, कारण ते अंदाजाने येत होतं हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. एकदा त्यांनी मसाला न घालता, नुसत्या मिठात उकडलं. तेव्हाही नाकाला काही कळलं नाही. बोटांनी तुकडा फाडून पाहिल्यावर मात्र सांबर दर वेळी कळत होतं, कारण त्याचे धागे जाड असतात. म्हणजे त्या करीच्या दिवशी खानसाम्याच्या पातेल्यात बोट घातलं असतं तरी कळलं असतं. हे ते बोलले नाहीत. मी बोलणार होतो, पण तेवढी लाज माझ्यात शिल्लक होती.

मग एका शनिवारी सकाळी त्यांनी मला त्यांच्या जुन्या खात्यातल्या मित्राला फोन लावायला सांगितला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तो रेस्ट हाऊसचा खानसामा, तो असतो का अजून. फोन स्पीकरवर होता. मित्र म्हणाला, तो जाऊन चार वर्षं झाली. नोकरी गेल्यावर एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये ताटल्या धुवायचा. स्वयंपाकाला कुणी घेत नव्हतं त्याला, चोरीचं शिजवतो म्हणून. बायको पोरीकडे राहते, तिला आता दिसत नाही. काहून विचारून राहिले, असं मित्राने विचारलं. बाबा म्हणाले, असंच.

त्यानंतर पातेली बंद झाली. बाबा पुन्हा खुर्चीत गेले. पहिल्यापेक्षा वाईट, कारण आधी निदान ते आईसाठी बसलेले असायचे. त्यांनी परतीचं तिकीट आधीच्या तारखेचं करायला सांगितलं. मी नाही म्हटलं नाही. माझ्या मनात तर, ते गेले की हा वास तरी जाईल, असंही येऊन गेलं. ते आल्याबरोबर मला माझीच किळस आली, पण येऊन गेलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच घरी होतो. बायकोची ड्यूटी होती. बाबा टेबलाशी बसून तिच्यासाठी लसूण सोलत होते, आठवडाभर पुरेल एवढा. बाहेर पाऊस होता, बारीक, आडवा, इथला नेहमीचा. मी शेवटी म्हटलं, बाबा, माणसाकडून चूक होते. तुम्हाला त्या वेळी खरंच तसं वाटलं असेल. तुम्ही काही मुद्दाम केलं नाही.

त्यांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली.

"चूक नव्हती," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मला वाटलं, अजूनही सांबरच होतं असं म्हणताहेत.

"मी झाकण काढलं. वास आला तो मसाल्याचा. करीच्या दिवशी सगळ्या गावात येतो तोच. आपल्या घरीही तेच शिजत होतं. साहेब मागं उभे होते, जीप चालू होती. त्यांनीच विचारलं, सांबर ना? मी म्हटलं, हो साहेब."

पुढची पाकळी त्यांनी उचलली, पण सोलली नाही.

मी विचारलं, मग ही नाकाची गोष्ट? इतकी वर्षं?

"संध्याकाळी घरी आलो तर तुझ्या आईनं विचारलं, तुम्ही ओळखलं कसं. काहीतरी सांगावं लागलं. म्हटलं, वासावरून. तिला इतकं कौतुक वाटलं रे. तिनं शेजारी सांगितलं, माहेरी सांगितलं. ती सांगायची अन् मी ऐकायचो. ऐकता ऐकता मला तसंच आठवायला लागलं. ती बाई खूर घेऊन आली ना, तेव्हा मला थोडं खरं माहीत होतं. पुढं पुढं तेही राहिलं नाही. मी खरंच ओळखलं होतं, असंच माझ्या डोक्यात होतं. इथं येईपर्यंत."

मग ते माझ्याकडे पाहून, मी लहान असताना एखादी गोष्ट समजावून सांगायचे तसे म्हणाले, "तू तो बकरा ठेवला नसता, तर मी चांगला माणूस म्हणून मेलो असतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी समोरच्या ढिगातली एक पाकळी घेतली आणि सोलायला लागलो.